तेविसावा दिवस

सात वाजायला पाच मिनिटं होती आणि पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. रविराजने पर्यटकांसाठी बांधलेल्या तीन खोल्यांसमोर ही लांब पडवी होती. तिच्या भिंतीवर त्याने नवा मोठा टीव्ही बसवला होता. गेला महिनाभर निम्मं तोंडवली गाव रोज संध्याकाळी इथेच जमत होतं, कारण सातला 'बेट' लागायचं आणि 'बेट'मध्ये रविराजची बहीण सलोनी होती.

खरी सलोनी मागे दाराला टेकून उभी होती.

"गो सलोनी, पुढे ये मगे! आपलोच खेळ नि मागे कित्या उभी?" शेजारच्या शेवंतीकाकूने मान वळवून हाक मारली.

"हयसरच बरी आसंय मी," सलोनी म्हणाली.

'बेट'मध्ये बारा जणांना नदीतल्या एका बेटावर चाळीस दिवस अर्धपोटी ठेवलं होतं. दर पाच-सहा दिवसांनी एक जण बाहेर जायचा. चित्रीकरण जानेवारी-फेब्रुवारीत उरकलं होतं आणि एप्रिलपासून ते टीव्हीवर येत होतं. शेवटच्या पाचांत सलोनी होती. त्या पाचांतून विजेता लोकांच्या मतांवर ठरणार होता, मेअखेरीस, मुंबईत; मतं मात्र पहिल्या भागापासूनच पडत होती. तोवर बेटावर काय झालं ते कुणालाही सांगायचं नाही, असं लिहून दिलेलं. सलोनीने ते आईलाही सांगितलं नव्हतं.

आज तेविसावा दिवस दाखवणार होते. त्या दिवशी आपण काय बोललो ते सलोनीला शब्दन् शब्द आठवत होतं.

ती पंचवीस वर्षांची होती. मालवणला पर्यटकांना समुद्राखालचे मासे दाखवायला घेऊन जायची. अंगाने काटक, पोहण्यात गावात कुणी तिच्या जवळपास नव्हतं. आणि रंगाने काळी. ही गोष्ट तिला लहानपणापासून कुणी विसरू दिली नव्हती. शाळेच्या गॅदरिंगमध्ये कोळीनृत्यात तिला मागच्या रांगेत उभं केलं होतं, खऱ्या मासेमाऱ्याची मुलगी वर्गात ती एकटीच असूनही. बघायला आलेल्या दोन स्थळांनी 'कळवतो' म्हणून निरोप घेतला आणि कळवलं नाही. लग्नाच्या फोटोंमध्ये फोटोग्राफर तिला म्हणायचा, ताई, जरा उजेडात या.

'बेट'साठी मुलाखत झाली तेव्हा विनीत नावाचा निर्माता तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला होता आणि म्हणाला होता, "तुझा चेहरा कॅमेऱ्याला आवडतो." आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला असं म्हणत होतं. ती घरी आली ती तरंगतच.

बेटावर पहिल्याच दिवशी तिला नागवेणी भेटली. नागवेणी सिद्दी. कर्नाटकात, हल्याळच्या पुढच्या जंगलात तिचं गाव. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. रंग गडद काळा, केस बारीक कुरळे, उंची पावणेसहा फूट. धावण्याच्या सरावासाठी ती तीन वर्षं कोल्हापूरला राहिली होती, म्हणून मराठी बोलायची, थोडी अडखळत. पण पहिल्या रात्री शेकोटीजवळ ती स्वतःशीच पुटपुटली, "म्हाका भूक लागल्या," आणि सलोनी उडालीच.

"काय म्हटलंस? म्हाका?"

"म्हाका. आमी घरांत कोंकणीच उलयतांव."

"अगो, आमी 'माका' म्हणतो!"

दोघी हसत सुटल्या. त्यानंतर त्या जोडीनेच असायच्या. सलोनी नदीत उतरून मासे धरायची, नागवेणी लाकडं फोडायची. बाकीच्यांना त्यांचं बोलणं अर्धंच कळायचं.

कॅमेरे मात्र दोघींना सारखं बघत नव्हते. सलोनीच्या ते हळूहळू लक्षात आलं. नागवेणीला कपडे द्यायचे ते बिबट्याच्या कातड्यासारख्या ठिपक्यांचे. तिला सांगायचे, झाडावर चढ. मांस दातांनी तोड, हाताने नको. एकदा विनीतने तिला केस मोकळे सोडून ओरडत पाण्यातून धावायला लावलं, तीन वेळा. नागवेणी म्हणाली होती, "मी घरी अशी धावत नाही." विनीत हसून म्हणाला होता, "घरी कॅमेरा पण नसतो."

सलोनीने हे पाहिलं आणि ती गप्प राहिली. गप्प राहण्याचं कारण तिला तेव्हाही माहीत होतं, फक्त ती त्याच्याकडे बघत नव्हती. या बारा जणांत सगळ्यांत काळी ती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच फोटोत तिच्या शेजारी कुणीतरी तिच्यापेक्षा काळं उभं होतं. त्याचं तिला बरं वाटत होतं.

तेविसाव्या दिवशी दोन दिवसांचा उपास झाला होता. वाटणीचा तांदूळ डब्यातून नाहीसा झाला होता. दुपारी कॅमेऱ्यामागची एक मुलगी सलोनीच्या कानाला लागली, "तुझा वाटा नागवेणीने खाल्ला म्हणे." थोड्या वेळाने आणखी एकजण तेच म्हणाला. मग संध्याकाळी कुठूनसा थोडा तांदूळ आला, तो चुलीवर चढला, नागवेणी झाकण काढून बघायला वाकली आणि सलोनीच्या तोंडून निघालं, "रानातली माकडीण ती. भात दिसलो काय उडी मारतली."

'माकडीण' एवढं कळून दोघं-तिघं हसले. सलोनीही हसली.

ती हे मालवणीत बोलली होती. पण तिथे मालवणी शब्दन् शब्द समजणारं एकच माणूस होतं, आणि ते चुलीपाशी वाकलेलं होतं.

नागवेणी सावकाश सरळ झाली. तिने भाताच्या टोपाला लाथ मारली, चार पावलांत सलोनीपर्यंत आली आणि तिचे केस धरून तिला खाली पाडलं. एवढंच. मारलं नाही. वरून बघत राहिली. मग लोक धावले, तिला ओढून बाजूला नेलं. हाणामारी म्हणून त्याच संध्याकाळी तिला बेटावरून काढलं. होडीत बसताना तिने मागे पाहिलं नाही.

आता टीव्हीवर सात वाजले. पडवी शांत झाली.

सलोनीने चौकट घट्ट धरली. ते वाक्य आलं की काय करायचं, हे तिने दिवसभर ठरवलं होतं आणि काहीच ठरलं नव्हतं. तिची आई पार्वती बाजारात मासळी विकून आली होती आणि हातपाय धुऊन शेवंतीकाकूच्या शेजारी बसली होती. तिच्या पाठीकडे बघवत नव्हतं.

पडद्यावर रिकामा डबा दिसला. लगेच नागवेणी काहीतरी चावताना दिसली. ते दृश्य पाचव्या दिवशीचं होतं, तेव्हा ती पेरू खात होती. पण पेरू दिसत नव्हता, नुसते दात दिसत होते. मागे ढोल वाजू लागले. मग चूल, टोप, वाकलेली नागवेणी. आता.

पडद्यावरची सलोनी बोललीच नाही. तिचा चेहरा दाखवला, थकलेला, ओठ कोरडे, गप्प. आणि लगेच नागवेणीची लाथ. भात मातीत पडला तो संथ गतीने, शीत न् शीत दिसेल असा. नागवेणी धावून आली, तेही संथ. तिचे डोळे, नाकपुड्या, केस. ढोल वाढत गेले. सलोनी पडली.

"अरे मेल्यांनो!" पडवीत कुणीतरी ओरडलं.

मग एकटी सलोनी कॅमेऱ्यासमोर, डोळ्यांत पाणी. "मी एवढी कधीच घाबरले नव्हते." हे ती म्हणाली होती, पण सतराव्या दिवशी, नदीच्या ओढीत पाय अडकला होता तेव्हा.

जाहिराती लागल्या आणि पडवीत एकच कालवा उठला.

"हबशीण ती! बघितल्यार भय वाटता," शेवंतीकाकू म्हणाली. "असल्यांका घेतत कित्या?"

"जंगलातलीच ती, काय करतली?"

"आमचा चेडू बघ, आमची सलोनी, कसा शांत रवला!"

रविराज हातातला फोन उंच धरून आला. "सलोनी, बघ! दहा मिनटांत किती मतां पडली! जिंकलंस तू, लिहून दितंय!" त्याने तिला मिठीच मारली.

आणि सलोनीला पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्यासारखं. त्यांनी ते वाक्य कापलं होतं. कुणालाच कळणार नव्हतं. ती सगळ्यांबरोबर हसली, शेवंतीकाकूने दिलेला लाडू खाल्ला आणि पाच मिनिटांनी मागच्या बाजूला जाऊन माडाच्या बुंध्याशी तो ओकून टाकला.

पुढच्या आठवड्यात तो तुकडा सगळीकडे फिरला. लोकांनी त्याला गाणी लावली. नागवेणीच्या चेहऱ्याशेजारी माकडाचा चेहरा लावला. सलोनी फोन बंद करायची आणि परत उघडायची. तिच्या नावाखाली हजारो लोक लिहीत होते, आमची सलोनी, साधी पोर, खरी मालवणी वाघीण. नागवेणीच्या नावाखाली काय लिहीत होते ते वाचताना तिला जागोजागी तिचंच वाक्य भेटत होतं. अनोळखी माणसं ते आपल्या मनाने लिहीत होती, जणू कुणी त्यांना शिकवलं होतं.

रविराजच्या तीनही खोल्या जूनपर्यंत भरल्या. येणारे सलोनीबरोबर फोटो काढायचे. एक दिवस पुण्याहून आलेल्या एका बाईने हसत हसत विचारलं, "तो सीन करून दाखवाल का? माझा नवरा ती जंगली होईल, तुम्ही पडा फक्त." नवऱ्याने आधीच गाल फुगवून दात विचकले होते.

"माका काम आसा," सलोनी म्हणाली आणि वाळूत उतरून चालत सुटली.

त्याच दुपारी तिने एका कन्नड बातमीचं भाषांतर वाचलं. हल्याळजवळच्या एका शाळेत नागवेणीला जूनपासून खेळाची शिक्षिका म्हणून घेणार होते. पालकांनी तक्रार केली होती की अशा हिंसक बाईच्या हाती मुलं देणार नाही. समितीने नेमणूक थांबवली होती. बातमीत शेवटी लिहिलं होतं, नागवेणी सिद्दी यांनी बोलण्यास नकार दिला.

सलोनीने तिला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला तेव्हा लागलाच नाही.

पार्वती मागच्या दारी बांगडे साफ करत बसली होती. सलोनी तिच्या समोर उकिडवी बसली.

"आये, माका तुका एक सांगूचा आसा."

तिने सांगितलं. सगळं नाही, फक्त ते वाक्य आणि त्याच्या नंतरचं. पार्वतीचा हात थांबला नाही. एक बांगडा, दुसरा, तिसरा. कल्ले काढ, पोट फाड, पाण्यात टाक.

"तू म्हटलंस ह्या?" तिने शेवटी विचारलं.

"होय."

"तुज्या तोंडान?"

"होय गो."

"तिसरीत आसताना तुका वर्गातल्या एकान 'कोळसो' म्हटल्यान," पार्वती म्हणाली. "तू रडत घराक इलंस. मी माशांची पाटी तशीच घेवन शाळेत गेलंय. बाई म्हणाक लागले, वास येता, भायर बसा. मी सांगलंय, बसतंय, पण तो पोरगो माफी मागीपर्यंत उठूचंय नाय. दुपारपर्यंत बसलंय. मासे कुसान गेले." तिने सुरी धुतली. "तेवा तुका काय वाटला होता, ता मी तुज्या तोंडार बघितलंय. नि तूच..."

सलोनी रडू लागली.

"माजेकडे रडान काय उपेग?" पार्वती उठली. "माका काय म्हटलंस काय तू?"

चार दिवसांनी विनीत आला. अंतिम फेरीसाठी प्रत्येक स्पर्धकाच्या गावाचं चित्रीकरण करायचं होतं. दोन गाड्या, सात माणसं, दोन कॅमेरे. सकाळी नऊ वाजता किनाऱ्यावर सगळा गाव लोटला. पार्वतीला त्यांनी नऊवारी नेसायला लावली, जी ती फक्त लग्नकार्यात नेसायची, आणि पुढ्यात मासळीची पाटी देऊन होडीच्या सावलीत बसवलं. सलोनीला ओल्या वाळूत उभं केलं, पाठीमागे समुद्र.

"छान," विनीत म्हणाला. माणूस बोलायला गोड होता, आवाज कधी चढवत नसे. "आता त्या दिवसाबद्दल दोन वाक्यं. ती तुझ्या अंगावर धावून आली तेव्हा तुला आईची आठवण आली. मग तू आईकडे बघ. आई डोळे पुसतील."

"मी डोळे पुसूचंय नाय," पार्वती होडीपासून म्हणाली. लोक हसले.

सलोनी विनीतजवळ गेली आणि हळू आवाजात, त्याच्या प्रमाण मराठीत म्हणाली, "सर, मी त्या दिवशी जे बोलले ते तुमच्याकडे आहे ना?"

विनीतने तिच्याकडे पाहिलं. मग खांद्याला धरून तिला दहा पावलं दूर नेलं.

"आहे," तो म्हणाला. "आणि ते दाखवलं नाही म्हणून माझे आभार मान. ते दाखवलं असतं तर आज या गर्दीतला एकही माणूस तुझ्यासाठी उभा नसता."

"पण तुम्ही तिला..."

"सलोनी, ऐक. दोघींपैकी एकीलाच वाचवता येत होतं. लोकांना एक आवडायला लागते आणि एक नावडायला लागते. ते असंच चालतं. मी लोकांना तू आवडशील असं केलं. तू किती वर्षं वाट बघितलीस याची?"

हे त्याने अगदी आपुलकीने विचारलं. त्याने तिला बरोबर ओळखलं होतं, अगदी मुलाखतीच्या दिवसापासून.

"आणि तांदूळ? तो तिने खाल्ला होता?"

"तांदूळ आम्हीच काढला होता," विनीत म्हणाला. "खेळ आहे तो. चल, ऊन चढतंय."

ती परत जागेवर उभी राहिली. कॅमेरा सुरू झाल्याचा लाल ठिपका दिसला. गर्दी गप्प झाली. रविराज पुढे उभा राहून अंगठा दाखवत होता. लाटेचं पाणी तिच्या घोट्यापर्यंत येऊन परत गेलं.

"त्या दिवशी," सलोनी म्हणाली आणि थांबली. विनीतने मान डोलावली, बोल. "त्या दिवशी नागवेणी माझ्या अंगावर उगीच आली नाही. मी तिला माकडीण म्हटलं. रानातली माकडीण. तुम्हाला दाखवली नाही ती गोष्ट ही. आणि तांदूळ तिने..."

"कट," विनीत शांतपणे म्हणाला. ठिपका विझला. "काही हरकत नाही. पुन्हा घेऊ. भावनेच्या भरात होतं असं."

"पुन्हा घेतलं तरी मी हेच बोलणार."

"मग हे कुठेही जाणार नाही, बाळा. कॅमेरा माझा आहे."

रविराज धावत आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "खुळी झालंस? सगळा मातीत घालतंस? कोणासाठी? त्या..." पुढचा शब्द त्याने गिळला, कारण पार्वती होडीच्या सावलीतून उठली होती. ती काष्टा सावरत वाळूतून आली आणि सलोनीपुढे हात पसरला.

"फोन दी तुजो. कसा धरतत ता सांग."

"आये, तू ह्यात पडू नको," रविराज म्हणाला.

"मी इचारलंय कोणाक?"

सलोनीने फोन सुरू करून तिच्या हातात दिला. पार्वतीने तो दोन्ही हातांनी, किंचित तिरका, छातीपाशी धरला. विनीत म्हणाला, "तू सही केलेली आहेस, सलोनी. वकील येतील." त्याचा आवाज तेव्हाही चढला नाही.

सलोनी बोलली. साडेतीन मिनिटं. आपण काय म्हटलं ते, तांदळाचं, पाचव्या दिवशीच्या पेरूचं, नदीतल्या भीतीचं, ठिपक्यांच्या कपड्यांचं. आणि शेवटी, गर्दीकडे न बघता, "मी ते रागात म्हटलं असं मी स्वतःला सांगत होते. पण फक्त राग नव्हता. मला लहानपणापासून जे म्हणायचे ते दुसऱ्याला म्हणता येतंय याचं मला बरं वाटलं." तिने फोन घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या तो व्हिडिओ टाकला.

गर्दी पांगू लागली. शेवंतीकाकू आपली चप्पल शोधून आधी निघाली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. अंतिम फेरीतून तिचं नाव काढल्याचं पत्र आलं, मागोमाग वकिलाची नोटीस आली. नागवेणीवर तुटून पडलेली तीच माणसं आता सलोनीवर तुटून पडली. काळी ती काळीच, असं एकाने लिहिलं आणि त्याला हजार जणांनी पसंती दिली. रविराजच्या खोल्यांची निम्मी बुकिंग रद्द झाली. तो घरात जेवायचा, पण सलोनी वाढायला आली की ताट घेऊन बाहेर जायचा. नळावर बायका तिला जागा द्यायच्या, नको इतकी जागा. संध्याकाळी पडवीतला टीव्ही बंद असायचा. लोक आता कुणा दुसऱ्याच्या घरी 'बेट' बघत होते, आणि बघतच होते.

अकराव्या दिवशी फोन आला. आवाज तिने लगेच ओळखला.

"व्हिडिओ बघितला," नागवेणी म्हणाली. बस, एवढंच.

"मी तुका फोन केल्लो..."

"माहीत आहे."

"शाळेचा काय झाला?"

"समिती म्हणते, व्हिडिओचा काय पुरावा? कार्यक्रमवाले म्हणतात खोटं आहे. सोमवारी बैठक आहे."

"मी येव?" सलोनीने विचारलं. "समितीसमोर सांगतंय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"ये," नागवेणी म्हणाली. "पण माझ्या घरी येऊ नकोस. आई तुला आत घेणार नाही."

सलोनी पहाटेच्या गाडीने निघाली. सावंतवाडी, आंबोलीचा घाट, बेळगाव, तिथून हल्याळ. पार्वतीने बरोबर भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली होती. ती पुरचुंडी तिने उघडलीच नाही.

शाळेच्या कार्यालयात सात माणसं टेबलाच्या पलीकडे बसली होती. नागवेणी भिंतीपाशी उभी होती, इस्त्री केलेल्या साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, केस घट्ट बांधलेले. तिने सलोनीकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली.

अध्यक्षांना मराठी येत होती. "तुम्ही नेमकं काय म्हणालात? शब्द सांगा," ते म्हणाले.

सलोनीने शब्द सांगितले. मालवणीत, जसे होते तसे, नागवेणीसमोर. टेबलाच्या कडेला बसलेला कारकूनसुद्धा लिहिता लिहिता थांबला. त्या भागात कोंकणी सगळ्यांनाच कळत होती.

"आणि यांनी तुम्हाला मारलं?"

"पाडलं. मारलं नाही. मी तिच्या जागी असते तर मारलं असतं."

त्यांनी तासभर विचारलं. करार दाखवा, तारखा सांगा, हे आता का सांगता, पैसे कुणी दिले. एक सभासद पुन्हा पुन्हा म्हणत होता, पण लाथ तर टीव्हीवर दिसते ना? सलोनीने सगळं लिहून दिलं, दोन पानं, खाली सही. अध्यक्षांनी कागद फाईलमध्ये घातला आणि सांगितलं की निर्णय पंधरा दिवसांत कळवू.

बेळगावची गाडी पाऊण तासाने होती. नागवेणी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत चालत आली. दोघी सिमेंटच्या बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. समोरून जाणारी दोन मुलं नागवेणीला ओळखून थांबली, कुजबुजली, पुढे गेली.

"तू ते म्हणालीस तेव्हा," नागवेणी म्हणाली, "मी शब्द पहिल्यांदा ऐकत नव्हते. शाळेत, बाजारात, मैदानावर, सगळीकडे ऐकलेत. त्याने मी उठले नसते. पण मी वळून तुझ्या तोंडाकडे बघितलं. तुझ्या तोंडावर सुख होतं."

सलोनीने खाली बघितलं. "होता," ती म्हणाली.

"ते मला विसरता येत नाही."

"माका पण."

"तू माफी मागायला आलीस का?"

"होय."

"मग माग."

सलोनीने मागितली. शब्द अगदी थोडे होते. नागवेणीने ऐकून घेतलं. ठीक आहे म्हणाली नाही, नको म्हणाली नाही.

"लोकांना सांगू नकोस की मी तुला माफ केलं," ती म्हणाली. "व्हिडिओ वगैरे करू नकोस. माफ करीन तेव्हा मीच तुला फोन करीन. नाही केला तर समजून घे."

"बरा," सलोनी म्हणाली.

गाडी आली. कंडक्टर "बेळगाव, बेळगाव" ओरडत उतरला. सलोनी चढली, खिडकीशी जागा मिळाली. नागवेणी बाकावरून उठली होती, पण गेली नव्हती. गाडी सुटेपर्यंत ती तिथेच, हाताची घडी घालून उभी राहिली. सुटल्यावर तिने पाठ फिरवली आणि लांब पावलं टाकत घराच्या वाटेला लागली.

जुलैत शाळेने तिला घेतलं, एका वर्षासाठी, तात्पुरतं. तिचा फोन आला नाही; ही बातमी सलोनीला मोबाइलवर वाचायला मिळाली. तिने ती पार्वतीला वाचून दाखवली. पार्वती म्हणाली, "तात्पुरता कित्या?" सलोनीने बातमी पुन्हा वरपासून वाचली.